विणलेल्या मफलरच्या कडा गुंडाळतात, काय करावं?
वीण बदला, दोष लोकरीचा नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीत सगळे सुलट टाके एकाच अंगाला येतात. दोन्ही अंगांचा ताण सारखा राहत नाही, म्हणून उभ्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे. प्रत्येक ओळ सुलटच विणलीत तर मफलर सपाट राहील. आधीचीच सुलट-उलट वीण हवी असेल तर दोन्ही कडांचे ४-५ टाके प्रत्येक ओळीत सुलट घ्या. वळणं कमी होईल, पूर्ण थांबणार नाही. विणून झालेला मफलर अस्सल लोकरीचा असेल तर ओला करून, टाचण्या लावून वाळवा. अ‍ॅक्रिलिकवर हा उपाय फारसा टिकत नाही (आणि त्यावर गरम इस्त्री टेकवूच नका, धागा चपटा होऊन बसतो).