फोल्डर हलवल्यावर पिप का रुसतं आणि क्रॉनला पॅकेज का दिसत नाही

प्रश्न असा : सोलापुरात एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा सूतसाठ्याचा पायथन प्रोजेक्ट 'साठा' फोल्डरमधून 'सूतसाठा'मध्ये हलवला. तेव्हापासून व्हेनव्हमधलं (प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन आणि पॅकेजं ठेवायचं फोल्डर) पिप, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, 'व्हेनव्ह/बिन/पिप' असा चालवला की 'बॅड इंटरप्रिटर' येतं. शिवाय रात्री ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणतो.

आधी 'हेड -१ व्हेनव्ह/बिन/पिप' करून बघा. पहिल्या ओळीत, म्हणजे स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रॅमने चालवायची ते सांगणाऱ्या शबँगमध्ये, जुन्या 'साठा'तल्या पायथनचा पूर्ण पत्ता दिसेल. पिप ही साधी स्क्रिप्ट आहे. इन्स्टॉल होतानाच तो पत्ता तिच्यात लिहिला जातो. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिथे पायथन शोधायला जातो, तिथे काहीच नसतं.

व्हेनव्ह 'ॲक्टिव्हेट' करून हे सुटत नाही, उलट फसगत होते. 'ॲक्टिव्हेट' फाइलमध्येही जुनाच पत्ता आहे. प्रॉम्प्टवर 'व्हेनव्ह' दिसतं, पण 'विच पायथन३' विचारलं तर सिस्टिमचा पायथन निघतो. तेव्हा प्रॉम्प्टवर भरवसा ठेवू नका.

'व्हेनव्ह/बिन/पायथन' मात्र अजून चालतो. ती सिस्टिमच्या पायथनकडे जाणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) असते आणि तो एक फोल्डर वरच्या 'पायव्हेनव्ह.सीएफजी'वरून आपलं घर ओळखतो. म्हणून आधी 'व्हेनव्ह/बिन/पायथन -एम पिप फ्रीझ'ने पॅकेजची यादी फाइलमध्ये काढा, मग फक्त 'व्हेनव्ह' फोल्डर उडवा, 'पायथन३ -एम व्हेनव्ह व्हेनव्ह'ने नवं बनवा आणि यादी 'व्हेनव्ह/बिन/पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर'ने भरा. 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या कमांडने सगळ्या पहिल्या ओळी बदलत बसू नका, एखादी राहतेच. पुढेही 'पायथन -एम पिप' हीच सवय ठेवा.

क्रॉनची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या स्क्रिप्टवर 'एन्व्ह पायथन३' असा शबँग आहे, म्हणजे पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) जो पायथन आधी सापडेल तो. क्रॉनचा पाथ बहुधा '/युएसआर/बिन:/बिन' एवढाच असतो आणि ॲक्टिव्हेट तिथे कोणी करत नाही. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) व्हेनव्हच्या पायथनचा पूर्ण पत्ता आणि पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहा. एक्सेल फाइल सापेक्ष पत्त्याने उघडत असाल तर आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'सीडी' करा, कारण क्रॉन होम फोल्डरमधून सुरू होतो.

खात्रीसाठी स्क्रिप्टमध्ये 'सिस.प्रीफिक्स' आणि 'सिस.बेस_प्रीफिक्स' छापा. दोन्ही सारखे आले तर स्क्रिप्ट व्हेनव्हच्या बाहेर चालते आहे.