यादीवर आधी काट मारा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. नाथसागराच्या काठावर पंचवीस वर्षं पक्षी बघतोय. येत्या एप्रिलमध्ये सौ.ला घेऊन १४ दिवसांत स्पेन, मादेरा, अझोर्स आणि कॅनरी बेटं करावीत म्हणतो. गाडी चालवता येते. क्रम कसा लावू?
– एक वाचक, पैठण

उत्तर : गुरुजी, क्रमाचं नंतर बघू, आधी यादीवर काट मारा. पहिल्या खेपेला मीही अशीच माळ ओवली होती. विमानतळावरच्या चिमण्याच जास्त बघून आलो.

दोनच ठिकाणं धरा : स्पेनच्या पश्चिमेचा एक्स्त्रेमादुरा आणि कॅनरीतलं तेनेरीफ. अझोर्स ऑक्टोबरचं, वादळात भरकटलेले अमेरिकेचे पक्षी तेव्हा कोर्वो बेटावर उतरतात. मादेरा पुन्हा कधीतरी.

माद्रिदला गाडी भाड्यानं घ्या. अडीचशे किलोमीटरवर त्रुहियो, तिथं आठ दिवस ठिय्या मारा. आजूबाजूचा माळ बघून आष्टी-पाटोदा आठवेल, फक्त एप्रिलात तो हिरवागार आणि फुलांनी भरलेला. आमच्या वडिलांनी माळढोक पाहिला होता, मी नाही. म्हणून तिथला ग्रेट बस्टर्ड, माळढोकाचाच भाऊबंद, बघताना पोटात कालवलं. नर १५ किलोपर्यंत भरतो. मादीपुढं आला की शेपूट पाठीवर घेतो, पंख उलटे करतो, आणि तपकिरी पक्षी बघता बघता पांढराफेक. कापसाचं बोंड फुटावं तसा. दिवस उगवताना जा आणि गाडीतूनच बघा. दार उघडलं की तो चालू लागतो.

एक दिवस जवळच्या मोनफ्राग्वे राष्ट्रीय उद्यानाला. साल्तो देल हितानो या कड्यासमोरच्या जागी गाडी उभी करायची, नदीपलीकडच्या कड्यावर गिधाडंच गिधाडं. काही तर आपल्या पायाखालून उडतात. आपल्याकडची गिधाडं डायक्लोफिनॅकनं नेली : जनावरांना देतात ते वेदनाशामक, मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

उरलेले दिवस तेनेरीफ. माद्रिदहून विमानानं तीनेक तास. विलाफ्लोरच्या वर, पाइनच्या जंगलात लास लाहास नावाची सहलीची जागा आहे. तिथल्या गळक्या नळाशी मुकाट बसा. फक्त याच बेटावरचा निळा चाफिंच हा छोटा पक्षी पाणी प्यायला येतो : पाटीसारखा निळा-करडा, चोच जाड, पाइनच्या बिया फोडणारी. आपल्या वैशाखात रांजणाखाली चिमण्या जमतात ना, तोच प्रकार.

दोन्हींना एकच शेंगेन व्हिसा चालतो, अर्ज स्पेनकडे. सहा महिने आधीपासून करता येतो, ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ लायसन्सही जवळ ठेवा. तिकडं गाडी उजव्या बाजूनं चालते. पहिल्या दिवशी वहिनींना प्रत्येक चौकात "उजवीकडं" म्हणायला सांगा.

आणि हो, सामानात तूप आणि पेढे नकोत. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. माझा डबा विमानतळावरच राहिला. शेंगदाण्याची चटणी मात्र पोचली.