देशांची तपासणी करणारे हे लोक येतात कुठून?

प्रश्न : नमस्कार. मी सांगलीच्या एका सहकारी बँकेत केवायसी आणि एसटीआरचं (संशयास्पद व्यवहारांचे रिपोर्ट) काम बघते. 2023 मध्ये एफएटीएफची (मनी लाँडरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करणं, रोखायला देश काय करतात ते तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) टीम भारतात आली त्याआधी आम्हाला नुसती सर्क्युलरं येत होती. ही तपासणारी माणसं कोण असतात, त्यांना कोण शिकवतं आणि आपल्याला तिथं जाता येतं का?
- एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटचं आधी सांगून टाकतो ताई, सहकारी बँकेतून डायरेक्ट नाही जाता येत. एफएटीएफ ही 1989 ची संस्था, ऑफिस पॅरिसला, पण तपासणीची टीम बनते ती मुख्यतः मेंबर देशांच्या सरकारी माणसांतून, म्हणजे कुणी रेग्युलेटरचा, कुणी एफआययूचा (बँकांचे एसटीआर जिथे जातात ते सरकारी खातं), कुणी पोलीस नाहीतर सरकारी वकील. सरकारने नाव पाठवलं तर ट्रेनिंग मिळतं, आणि मिळालं म्हणजे टीममध्ये घेतलंच असं पण नाही. स्वतःच्या देशाची तपासणी तर अर्थातच करू देत नाहीत.

शिकवायला दक्षिण कोरियात बुसानला 2016 पासून एफएटीएफचं सेंटर आहे, शिवाय आपण ज्या एशिया-पॅसिफिक ग्रुपमध्ये (याच कामाचा आपल्या भागातल्या देशांचा गट) आहोत तोही वर्कशॉप घेतो. ट्रेनिंगमध्ये एक काल्पनिक देश देतात, त्याचे कायदे, आकडेवारी, सगळं बाड वाचायचं, मग तिथल्या 'अधिकाऱ्यांची' मुलाखत घ्यायची आणि रेटिंग लिहायचं. मला विचाराल तर खरं शिक्षण इथेच होतं, कारण एफएटीएफच्या 40 शिफारशींप्रमाणे कायदा आहे का हे तपासणं त्यामानाने सोपं, आपला 2002 चा पीएमएलए, म्हणजे मनी लाँडरिंगविरोधी कायदा, काढून दाखवता येतो. अवघड आहेत ते पुढचे 11 निकष, हे सगळं प्रत्यक्षात चालतं का ते बघणारे. समोरचा अधिकारी म्हणाला की आमच्याकडे एसटीआरचा नुसता पाऊस पडतो, तर खूश व्हायचं नाही, त्यातले तपासाला किती कामाला आले, खटले किती, शिक्षा किती, पैसा किती जप्त झाला हे विचारत राहायचं, आणि तेही समोरच्याला झोडपतोय असं न वाटता (हे सगळ्यांना जमत नाही!).

आपलंच बघा ना. सप्टेंबर 2024 च्या रिपोर्टमध्ये कागदावर भारत चांगला पास झाला, 40 पैकी 37 शिफारशींत वरच्या दोन ग्रेड, पण मनी लाँडरिंगचे खटले रखडतात यावर बोट ठेवलंच.

रिपोर्ट लिहिला म्हणून पण सुटका नाही, तपासलेला देश रेटिंग वाढवून मागतो, आणि मग सगळ्या मेंबर देशांसमोर प्लेनरीत (सर्वसाधारण बैठकीत) एकेका वाक्याचा पुरावा द्यायला लागतो. तुम्हाला उत्सुकता असेल तर एफएटीएफची मेथडॉलॉजी (तपासणी कशी करायची ते सांगणारं पुस्तक) नेटवर फुकट आहे, सगळी नका वाचत बसू, त्या 11 पैकी निकष 6 वाचा, तुमच्या एसटीआरचं पुढे काय व्हायला हवं ते त्यात आहे.