रोटरी मोटरसायकल: किक मारण्याआधी

सुझुकी आरई५ म्हणजे १९७४ ते १९७६ दरम्यान बनलेली, ४९७ सीसीची, एका रोटरची गाडी. रोटर म्हणजे पिस्टनऐवजी आत फिरणारा तीन टोकांचा भाग. तिच्याबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

पंधरा वर्षं शेडमध्ये उभी आहे. मेकॅनिक म्हणतो, किक मारून बघू, नाहीतर रिबोअर करू. (मुलुंड)
किकला, सेल्फला हात लावू नका. बॅटरीची वायर काढा. रोटरच्या तिन्ही टोकांना सील, म्हणजे दाब अडवणाऱ्या पट्ट्या असतात. मुंबईच्या दमट हवेत गाडी उभी राहिली की कार्बन आणि गंजाने ते खाचेत चिकटतात. इंजिन कोरडंच फिरवलंत तर हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) आतल्या पातळ कोटिंगवर ओरखडे पडतात. आणि या इंजिनाला रिबोअर, म्हणजे आतून कापून मोठं करणं, नसतंच! आतला आकार गोल नाही, ओव्हरसाइझ रोटर मिळत नाही. हाउसिंग गेलं की दुसरं शोधणं आलं.

प्लग काढून भोकातून साधारण १० मिली टू-स्ट्रोक ऑइल सोडा. टॉप गिअरमध्ये मागचं चाक हाताने पुढे फिरवा. शाफ्टची एक फेरी झाली की रोटर एक तृतीयांश सरकतो, रोटरच्या तीन बाजूंच्या तीन कप्प्यांपैकी पुढचा प्लगसमोर येतो. असं तीनदा करा. अडकलं तर जोर नको. आठवडाभर मुरू द्या. मग एक्झॉस्टचा पाइप उतरवून टॉर्चने पोर्टातून बघा. बांबूच्या काडीने दाबलेलं सील उसळून वर यायला हवं. नाही आलं तर तिथेच थांबा आणि ज्याने रोटरी इंजिन उघडलंय त्यालाच दाखवा.

कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) छान आलं, गाडी घेऊ का? (गिरगाव)
त्या आकड्यावर नको. साधं गेज तीन कप्प्यांतला सगळ्यात मोठा दाबच धरून ठेवतं. दोन कप्पे मेलेले असले तरी कळत नाही, आणि काही विकणारे याचाच फायदा घेतात. तिन्ही आकडे वेगळे दाखवणारं रोटरी टेस्टर लावून घ्या.

धूर येतो. (दादर)
सीलच्या वंगणाचं थोडं तेल जळणारच. त्याची टाकी वेगळी असते, ती रिकामी ठेवू नका. इंजिन तापल्यावरही धूर थांबला नाही तर दाखवा.

लेथवर बनवलेले सील चालतील? (कुर्ला)
नाही.

एजंट म्हणतो, व्हिंटेज नोंदणीला इंजिन कुठलंही चालतं. (पार्ले)
ऐकू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए (VA) नंबर मालिकेत बसते. अशी गाडी रोज चालवायला परवानगी नसते. पैसे देण्याआधी चासी आणि इंजिन, दोन्ही नंबर कागदांशी ताडा आणि आरटीओत स्वतः जाऊन विचारा.