कचरा उचलण्याचे महिन्याचे शुल्क गरीब कुटुंबांना खरोखरच जड जाते का, आणि ते माफ करून घेता येते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. घरोघरच्या कचऱ्यासाठी नगरपालिका घेते ती महिन्याची चाळीस-पन्नास रुपयांची रक्कम गरिबाला खरोखर जड जाते का, ही पहिली; आणि जात असेल तर ती माफ करून घेण्याची काही वाट आहे का, ही दुसरी. पहिल्याचे उत्तर मी ठामपणे ‘होय’ असे देतो. दुसऱ्याकडे येईनच, पण त्याआधी माझ्या आत्याचे बिल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो आणि पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. आत्याचे घर जुन्या पेठेतल्या एका बोळात आहे. तीन खोल्या, वर पत्रा, आणि उतारा अजून तिच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावाचा. सासरे गेल्यावर तिन्ही भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, रेशनकार्डे वेगळी निघाली. पुढे आत्याचे यजमान गेले, मधले दीर यंत्रमागाच्या कामाला इचलकरंजीला गेले ते तिकडचेच झाले आणि धाकटे मुलाकडे पुण्याला राहायला गेले. दोन खोल्यांना कुलपे लागली. तिसऱ्या खोलीत आत्या एकटी राहते आणि शीतगृहात बेदाणा निवडायला जाते. मी सांगतो त्या वेळी तिची हजेरी २५० रुपये होती, तीही काम असेल त्या दिवसाची.

या घराची घरपट्टी वर्षाला ३१० रुपये होती आणि आत्याने ती एकदाही थकवली नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्षावर्षाच्या पावत्या तिने दोऱ्याने बांधून ठेवलेल्या आहेत. मग एका वर्षी बिलात नवी ओळ आली: उपयोगकर्ता शुल्क, म्हणजे कचरा उचलण्याच्या सेवेचे पैसे, प्रतिकुटुंब दरमहा ४० रुपये. नोंदीत कुटुंबे तीन असल्यामुळे वर्षाचे १,४४० रुपये झाले. म्हणजे ज्या घराची घरपट्टीच ३१० रुपये, त्याच्या कचऱ्याचे घरपट्टीच्या साडेचारपटीहून अधिक. आत्या नेहमीप्रमाणे मार्चमध्ये ३१० रुपये घेऊन खिडकीवर गेली, तेव्हा पावती संगणकावर एकत्रच निघते, भरायचे तर पूर्ण भरा, असे तिला सांगण्यात आले. ती पैसे पदरात बांधून परत आली आणि ही गोष्ट तिने दोन वर्षे कुणाजवळ काढली नाही.

आम्हाला कळले ते घरकुलासाठी उताऱ्यावर तिचे नाव लावायला गेलो तेव्हा. थकबाकी भरल्याशिवाय वारसनोंद होणार नाही, असे उत्तर मिळाले. दोन वर्षांचे ३,५०० रुपये आणि पहिल्या वर्षाच्या १,७५० रुपयांवर दरमहा दोन टक्क्यांनी वर्षभराची शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, ४२० रुपये, असे ३,९२० रुपये निघाले. आत्याच्या हजेरीत मोजले तर हे जवळजवळ सोळा दिवसांचे काम. पतसंस्थेत मी रोज व्याज काढतो, पण दरमहा दोन टक्के म्हणजे काय, हे मला तिच्यासमोर तो कागद वाचून दाखवताना जेवढे कळले तेवढे आधी कधी कळले नव्हते.

आता तिचा कचरा पाहा. शिळी भाकरी दारातल्या कुत्र्याला जाते, भाजीची देठे शेजारच्या शेळीला, राख भांडी घासायला, पुठ्ठा आणि बाटल्या भंगारवाल्याला. डब्यात उरतो तो केर, लसणाची साले, केसांचे गुंतवळ आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे. ओल्या कचऱ्याला हिरवी आणि सुक्याला निळी अशा दोन बादल्या तिला मिळाल्या होत्या. निळीत ती ज्वारी ठेवते, कारण सुका कचरा साठवावा इतका तिच्याकडे होतच नाही. शिवाय घंटागाडी बोळात शिरत नाही. ती साडेसात-आठच्या सुमारास बोळाच्या तोंडाशी थांबते, आणि शीतगृहाचा टेंपो आत्याला सात वाजता घेऊन जातो.

त्या दिवाळीत पाडव्याला सगळे एकत्र जेवायला बसलो असताना मी हा विषय काढला, तेव्हा आमचे थोरले चुलतभाऊ म्हणाले, “चाळीस रुपयांत हल्ली दोन कप चहा येतो. एवढेही द्यायचे नाही आणि वर गाव घाण आहे म्हणून ओरडायचे, याला अर्थ नाही.” आत्या त्यांच्या समोरच वाढत होती. दादांचा दुमजली बंगला आहे, घरपट्टी ९,६०० रुपये, आणि कुटुंब एक म्हणून कचऱ्याचे शुल्क वर्षाला ४८०. त्यांच्या अंगणातला पालापाचोळा, कुरिअरची खोकी आणि पाहुण्यांच्या पत्रावळी आत्याच्या वर्षभराच्या कचऱ्याला एका आठवड्यात मागे टाकतील. तरी त्यांना हे शुल्क घरपट्टीच्या पाच टक्के पडते. मी तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर गप्प बसलो, आणि ते गप्प बसणे मला आजही बोचते.

दादांचे म्हणणे अनेकांचे असते, म्हणून ते कुठे चुकते ते सांगतो. घरपट्टी ही भाडेमूल्यावर किंवा घराच्या किमतीवर बसते, त्यामुळे मोठ्या घराला जास्त आणि लहान घराला कमी, हे तत्त्व तिच्यात आपोआप पाळले जाते. दर कुटुंबाला सारखे शुल्क लावले की ते तत्त्व गळून पडते. महिन्याचे चाळीस रुपये म्हणून ते क्षुल्लक वाटते, पण गरिबाच्या दारी ते महिन्याला येत नाही; ते वर्षाचे एकदम येते, घरपट्टीला बांधून येते, राहिले तर शास्ती धरते आणि शेवटी त्याच्या उताऱ्याची, वारसनोंदीची, घरकुलाची वाट अडवते. चहाचे पैसे म्हणणाऱ्याला ही शेवटची पायरी कधी चढावी लागत नाही.

शुल्क बेकायदा आहे, असे मात्र समजू नका. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी (त्यांच्या जागी २०२६ मध्ये नवे नियम आले) स्थानिक संस्थांना उपयोगकर्ता शुल्क ठरवण्याचा अधिकार दिला होता आणि कचरा निर्माण करणाऱ्याने ते भरावे, असेही त्यात होते. पण त्या नियमांतली व्याख्याच सांगत होती की शुल्कातून खर्च पूर्ण किंवा अंशतः भागवता येतो. सगळा खर्च, सगळ्यांकडून, सारख्या दराने वसूल केलाच पाहिजे, असे त्यात नव्हते. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते आणि तिथे झोपडपट्टीतल्या घरांना दर कमी ठेवून महापालिका आपला वाटा घालते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट देण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला. तो कर वेगळा आणि हे शुल्क वेगळे, हे खरे. परंतु घराचे क्षेत्रफळ प्रत्येक नगरपालिकेच्या दप्तरात लिहिलेलेच असते, त्यामुळे लहान घर ओळखता येत नाही, ही सबब चालणार नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. सरसकट माफी हा नगरपालिकेच्या सभेच्या ठरावाचा आणि उपविधींचा, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमांचा, विषय आहे, तो एका अर्जाने सुटत नाही. अर्जाने सुटते ती चुकीची नोंद, आणि गरिबांच्या बिलांत ती फार वेळा असते: बंद खोल्या, स्थलांतरित भाऊ, सोडून गेलेले भाडेकरू यांची कुटुंबे तशीच चालू राहतात. आत्याच्या बाबतीत आम्ही बंद खोल्यांची शून्य युनिटची वीजबिले, दोन्ही दिरांची संमतिपत्रे आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडून स्थळपाहणीची लेखी मागणी केली, अर्जाची पोहोच घेतली आणि तीन महिने पाठपुरावा केला. शुल्क कोणत्या ठरावाने लागले आणि त्यात सवलतीची तरतूद आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाहीत, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मात्र उत्तराची वाट पाहत घरपट्टी थकवू नका. जी रक्कम मान्य आहे ती हरकत नोंदवून भरा, खिडकीवर घेतली नाही तर ती भरण्याची तयारी लेखी कळवा, कारण वाद कितीही न्याय्य असला तरी शास्ती थांबत नाही.

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. कचऱ्याचे काम फुकट होत नाही, आणि पहाटे गाडीवर उभे राहणाऱ्या कामगाराचा पगार कुठून तरी यावाच लागतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यातले कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिले आले, ते अशाच रोजच्या कामाच्या बळावर. ‘गाडी दारात येत नाही म्हणून पैसे देणार नाही’ हा युक्तिवादही एकटा फार टिकत नाही, कारण शुल्काच्या बदल्यात तंतोतंत तेवढीच सेवा मिळाली पाहिजे असा आग्रह न्यायालये आता धरत नाहीत. माझा आक्षेप दराच्या समानतेला आणि घरपट्टीला बांधून केलेल्या वसुलीला आहे.

आपल्या घरात कुणी ‘दोन कप चहा’ म्हणत असेल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. त्यांचे बिल आणि आपल्या घरातल्या सर्वांत गरीब माणसाचे बिल शेजारी ठेवा आणि दोन्ही मोठ्याने वाचायला सांगा. पुढच्या पाडव्याला मी तेच केले. दादांनी दोन्ही कागद वाचले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग शास्तीचे ४२० रुपये मी देतो म्हणाले. आत्याने ते घेतले नाहीत, कारण तोवर तिने भिशीचा नंबर लागल्यावर पूर्ण ३,९२० रुपये भरून टाकले होते.

दोन कुटुंबे नोंदीतून कमी झाली, पण पुढच्या वर्षापासून. आधीचे पैसे परत मिळाले नाहीत. आता तिचे बिल घरपट्टी ३१० आणि शुल्क ४८० असे ७९० रुपये येते. उताऱ्यावर तिचे नाव लागले आहे, घरकुलाच्या यादीत अजून आलेले नाही. कचऱ्याची पिशवी ती सकाळी शेजारच्या सूनबाईंच्या पायरीवर ठेवून कामाला जाते, आणि त्या ती बोळाच्या तोंडापर्यंत नेऊन गाडीत टाकतात.