ब्लॉक बदलला की नंबरही बदलतो

प्रश्न : माझा एकच ट्रक, मीच चालवतो. सात लाख किलोमीटर झाले. ऑइल खाऊ लागला म्हणून गॅरेजला लावला. लायनर-पिस्टनसह दुरुस्तीचे १ लाख २० हजार ठरले. इंजिन खोलल्यावर मिस्त्री म्हणतो, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, तडा आहे, माझ्याकडचं जुनं इंजिन १ लाख ८० हजारांत बसवतो. नको असेल तर खोलण्याचे ३० हजार आणि रोजचं ५०० रुपये भाडं भरून गाडी न्या. काय करू? – एक ट्रकमालक, सांगोला

उत्तर : आधी तडा खरा आहे का ते बघा. ब्लॉक दुसऱ्या मशीन शॉपमध्ये दाबाखाली तपासून घ्या आणि लेखी अहवाल मागा. इंजिनाचं मला फार कळत नाही, पण तोंडी तड्यावर कोर्टात काही उभं राहत नाही हे कळतं.

लायनर, पिस्टन, क्रँक बदलला तर ती दुरुस्ती. इंजिन नंबर मात्र ब्लॉकवर ठोकलेला असतो. जुनं इंजिन बसवलंत की आरसीवरचा नंबर चुकीचा ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी आधीच घ्या. न घेता बदललं तर १४ दिवसांत कळवून नोंद करावी लागते. विमा पॉलिसीतही नंबर दुरुस्त करून घ्या, नाहीतर अपघाताच्या दाव्यात हाच मुद्दा निघेल. कर्ज चालू असेल तर बँकेचं लेखी पत्र आधी. मिस्त्रीकडून पक्कं बिल आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचे कागद मागा. टाळाटाळ केली तर इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नका. चोरीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील.

आता पैसे. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी मिस्त्री गाडी अडवू शकतो. आधी न ठरलेलं भाडं त्यात बसत नाही. खोलण्याची मजुरी वाजवी करून घ्या, 'हरकत राखून' असं लिहून ऑनलाइन भरा आणि गाडी सोडवा. उभा ट्रक भांडणापेक्षा महाग पडतो.

नंतर ग्राहक आयोग आहेच, तक्रारीची मुदत दोन वर्षं. 'तुम्ही व्यावसायिक, ग्राहक नाही' असं गॅरेजवाला म्हणेल. पोटासाठी स्वतः ट्रक चालवणारा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात म्हटलं आहे.

आणि इंजिन बदललंच, तर जुना ब्लॉक गॅरेजमध्ये सोडू नका. त्यावर तुमच्या आरसीचा नंबर आहे.