त्या तक्त्यातला ‘फक्त’ खोडून टाक

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही काल रात्री वाचले. तक्ता चांगला जमला आहे. पत्राने मात्र मला बेचैन केलं. एका पानात ‘फक्त’ हा शब्द चारदा आला आहे. रहदारीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांमध्ये पक्षाघाताची जोखीम सुरुवातीला दणदणीत वाढलेली दिसली. मग तू वय, धूम्रपान, उत्पन्न, शिक्षण असं एकेक हिशोबात धरत गेलास, आणि ती उतरत उतरत ‘फक्त’ काही टक्क्यांवर येऊन बसली. आता ‘एवढ्याशा निष्कर्षाचं काय करायचं’ असं तू विचारतोस. शिवाय साठीपुढच्या स्त्रियांच्या गटात आकडा मोठा येतो, तोच सारांशात पुढे आणावा असं कुणीतरी तुला सुचवलं आहे.

आणू नकोस. का ते जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या ‘फक्त’चं बघू. २०११ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला होता. हृदयविकाराचा झटका ऐनवेळी कशाने ओढवतो, यावरचे ३६ अभ्यास त्यात एकत्र तपासले होते. कोकेन घेतल्यावर झटक्याची शक्यता सुमारे २४ पट वाढते. हवेतले पीएम १० कण (१० मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक धूलिकण) घनमीटरमागे ३० मायक्रोग्रॅमने वाढले, तर ती वाढते सुमारे ५ टक्के. या दोन आकड्यांकडे पाहून कुणीही म्हणेल की चिंता कोकेनची करावी. पण त्या संशोधकांनी पुढचा गुणाकार केला. कोकेन घेणारे मूठभर, हवा घेणारे सगळे. समाजातल्या एकूण झटक्यांपैकी कोकेनच्या वाट्याला आले ०.९ टक्के आणि त्या धुळीच्या वाट्याला ४.८ टक्के. यादीत सर्वांत वर होतं रहदारीत सापडणं, ७.४ टक्क्यांवर. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये हेच तत्त्व मांडलं होतं: थोड्या माणसांवरच्या मोठ्या जोखमीपेक्षा पुष्कळ माणसांवरच्या लहान जोखमीतून अधिक रुग्ण निर्माण होऊ शकतात. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा परीक्षेपुरतं शिकले. ते खरोखर उमगायला मला दहा वर्षं लागली.

म्हणजे तुझ्या आकड्याचं वजन त्याच्या उंचीवरून ठरत नाही. किती माणसं त्याखाली येतात, हे आधी मोज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे जगात ४२ लाख अकाली मृत्यू झाले. त्यांतले सुमारे ६८ टक्के हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने आणि पक्षाघाताने झाले. प्रदूषण म्हटलं की लोकांना खोकला आठवतो. प्रत्यक्षात माणसं जातात ती बहुतेक रक्तवाहिन्यांच्या वाटेने, आणि ही वाट असल्याच लहान लहान टक्क्यांनी बनलेली आहे.

लहान आकडा मौल्यवान खरा, पण तो चटकन हलतो. म्हणून तो फार जपावा लागतो. माझी एक चूक सांगते. उमेदीच्या काळात मी रोजचं प्रदूषण आणि रोजचे पक्षाघाताचे रुग्ण यांचा संबंध शोधत होते. संबंध इतका ठळक आला की मी दोन रात्री झोपले नाही. आकृत्या भिंतीवर लावल्या होत्या. एका दुपारी नोंदणी विभागातल्या एक वयस्कर बाई कागद द्यायला आल्या, भिंतीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “सोमवारचे हे इतके रुग्ण कुठून आले? यातले निम्मे तर शनिवार-रविवारी लहान दवाखान्यांत आलेले आणि सोमवारी मोठ्या रुग्णालयात पाठवलेले.” तेच रुग्ण माझ्याकडे दोनदा मोजले गेले होते. सोमवारी गाड्या वाढत, धूर वाढे, आणि माझ्या कागदावर पक्षाघातही वाढे. दुरुस्तीनंतर आकडा निम्म्याहून खाली आला. त्या बाईंचे आभार मी लेखात मानले. त्यांचं नाव खरं तर लेखकांमध्ये असायला हवं होतं.

तेव्हापासून एक सवय लागली. जो निष्कर्ष मला आवडतो, त्याची झाडाझडती मी सर्वांत कडक घेते. नावडता निष्कर्ष आपण आपसूकच तपासतो, आवडत्याला मात्र तसाच सोडून देतो.

चुका मोठमोठ्या गटांकडूनही झाल्या आहेत, आणि त्या त्यांनी कशा निस्तरल्या हे तू मुद्दाम वाच. अमेरिकेतल्या ९० शहरांच्या अभ्यासात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने असं मांडलं होतं की पीएम १० दहा मायक्रोग्रॅमने वाढलं की त्या सुमारास रोजचे मृत्यू ०.४१ टक्क्यांनी वाढतात. २००२ मध्ये त्यांच्याच लक्षात आलं की त्यांच्या सॉफ्टवेअरमधली एक ठरावीक सेटिंग फार सैल आहे आणि गणित पुरतं स्थिरावण्याआधीच थांबतं. सेटिंग घट्ट केल्यावर आकडा झाला ०.२७. त्यांनी हे स्वतः जाहीर केलं. प्रदूषणाचे नियम कडक व्हावेत की नाही यावर वाद चालू होता, आणि विरोधक अशा चुकीची वाटच पाहत होते. तरीही जाहीर केलं. जगभरच्या कितीतरी गटांना आपापली गणितं पुन्हा करावी लागली. आकडा कमी झाला, संबंध मात्र टिकला. ०.२७ वर आज माझा जेवढा विश्वास आहे तेवढा ०.४१ वर कधीच बसला नसता.

डब्लिनची गोष्ट याहून कडू आहे. १ सप्टेंबर १९९० पासून तिथे धूर ओकणाऱ्या बिटुमिनस कोळशाच्या विक्रीवर बंदी आली. हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. २००२ मध्ये आलेल्या अभ्यासाने सांगितलं की बंदीनंतर श्वसनाच्या आजारांचे मृत्यू १५.५ टक्क्यांनी आणि हृदय-रक्तवाहिन्यांचे १०.३ टक्क्यांनी घटले. आम्ही सगळ्यांनी तो अभ्यास वर्षानुवर्षं व्याख्यानांत दाखवला, मीही दाखवला. पुढे मूळ संशोधकांपैकीच काहींनी तो पुन्हा हाती घेतला आणि बंदी नसलेल्या भागांशी तुलना केली. तेव्हा दिसलं की हृदयविकाराचे मृत्यू त्या काळात सगळीकडेच घटत होते. त्यामुळे २०१३ च्या अहवालात श्वसनाच्या मृत्यूंमधली घट शिल्लक राहिली, पण हृदयाच्या मृत्यूंमधली घट बंदीच्या खात्यावर टाकता आली नाही.

तो अहवाल वाचताना मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. कोळशाच्या धुराने हृदयाला अपाय होत नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही. ज्या काळात उपचार सुधारत होते, लोक सिगारेट सोडत होते, त्या काळात एका बंदीचा वाटा वेगळा काढायला ती पद्धत पुरेशी नव्हती, एवढंच त्यातून कळतं. तुझ्या आकडेवारीतही वर्षं पुष्कळ आहेत. त्या वर्षांत पक्षाघात आपोआप किती घटला, हे आधी काढ.

संशयाची दुसरी बाजूही आहे. हार्वर्डच्या ‘सहा शहरांच्या’ अभ्यासाने १९९३ मध्ये सांगितलं की सर्वांत मळक्या हवेच्या शहरात मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त आहे. माणसं ८,१११, पाठपुरावा १४ ते १६ वर्षांचा. उद्योगक्षेत्रातून जोरदार हल्ला झाला, कच्ची आकडेवारी द्या अशी मागणी झाली. ती एका स्वतंत्र गटाकडे फेरतपासणीसाठी सोपवली गेली. त्यांनी तिला सर्व बाजूंनी ठोकून पाहिलं आणि २००० मध्ये सांगितलं की निष्कर्ष टिकतो. ज्याने आपल्या आकड्यावर आधीच स्वतः घण घातलेले असतात, त्याला दुसऱ्याच्या घणाची भीती वाटत नाही.

आता तुझ्या तक्त्याकडे येते. तिसऱ्या टप्प्यात तू रक्तदाब हिशोबात धरला आहेस. तो मुख्य मॉडेलमधून काढ. प्रदूषित हवा आणि रात्रीचा आवाज, दोन्ही रक्तदाब वाढवतात, आणि वाढलेला रक्तदाब पक्षाघात घडवतो. तो वाटेतला थांबा आहे; त्यालाच बाजूला काढलंस तर वाटेवरचा निम्मा प्रवास पुसला जाईल. हे लिहिण्याआधी मी स्वतःला दोनदा विचारलं, कारण या सल्ल्याने तुझा आकडा वाढण्याची शक्यता आहे. म्हणून गणित चालवण्याआधी कार्यकारणाची आकृती कागदावर काढ, कुठला घटक का घेतला आणि का वगळला ते एकेका वाक्यात लिही, तारीख टाक. मग आकडा कुठेही जावो. आणि रक्तदाब धरूनचं उत्तरही परिशिष्टात दे.

रस्ता एकच असला तरी त्यावरून धूर आणि आवाज जोडीने घरात येतात. तुझ्याकडे फक्त अंतर आहे. अंतराला ‘प्रदूषण’ म्हणू नकोस, अंतरच म्हण. माणूस घरी किती वेळ असतो, खिडकी कुठल्या बाजूला आहे, मधल्या काळात घर बदललं का, यातलं जे मिळेल ते मिळव. मापनातली अशी ढोबळ चूक बहुधा खरा परिणाम लहान करून दाखवते, पण ‘बहुधा’वर विसंबून राहू नये. माझा सोमवार उलट्या दिशेने चुकला होता.

पक्षाघाताचे दोन प्रकार वेगळे कर. गुठळीने रक्तवाहिनी बंद होणं आणि वाहिनी फुटून रक्तस्राव होणं यांची कारणं सारखी नाहीत. आणि दाखल होण्याची वेळ म्हणजे झटक्याची वेळ नव्हे. किती जण सकाळी उठल्यावर हात उचलत नाही म्हणून येतात. झटका रात्री कधी आला ते कुणालाच ठाऊक नसतं.

आणखी एक कसोटी घाल. पक्षाघाताऐवजी, ज्याचा धुराशी संबंध असण्याचं कारण नाही असा एखादा आजार धरून हेच गणित चालव. तिथेही रस्त्याशी तसाच संबंध दिसला, तर धूर सोडून भलतंच काही तुझ्या आकड्यात शिरलं आहे.

हे सगळं करूनही उरेल तो आकडा कदाचित आजच्याइतकाच लहान असेल. त्याला एकटं उभं राहायची गरज नाही. एडिंबरोच्या संशोधकांनी २००७ मध्ये, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांना तासभर कधी पातळ केलेला डिझेलचा धूर, कधी गाळलेली हवा दिली. मधूनमधून ते सायकल मारत होते. धुरात त्यांच्या ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा अधिक ठळक उमटल्या, आणि गुठळी विरघळवणाऱ्या द्रव्याचं रक्तवाहिन्यांतून होणारं स्रवणही कमी झालं. २०१७ मध्ये याच शहरातल्या गटाने सोन्याचे अतिसूक्ष्म कण श्वासातून दिले. ते रक्तात आढळले. तीन महिन्यांनंतरही सापडत होते. आणि ज्या रुग्णांच्या मानेतल्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढला, त्या थरातही ते साचलेले दिसले. मेंदूला रक्त नेणारी तीच वाहिनी. फुफ्फुसातून निघालेला कण नेमका तिथे जाऊन बसतो, हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. तुझे काही टक्के आणि तो थर, दोन्ही एकाच गोष्टीचा पुरावा आहेत.

साठीपुढच्या स्त्रियांचा गट तू आधी ठरवला नव्हतास. बारा गटांत पाहिल्यावर एखाद्यात निव्वळ योगायोगानेही मोठा आकडा सापडू शकतो. तो तक्त्यात राहू दे, बाकी अकरा गटांसह, आणि ‘हे नंतर पाहिलं’ असं स्पष्ट लिहून. सारांशात मुख्य आकडा आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांमध्ये असण्याचा संभव आहे तो पट्टा, दे. त्याशेजारी, एवढ्या जोखमीने एवढ्या लोकवस्तीत वर्षाला अंदाजे पक्षाघाताचे किती झटके जास्तीचे ठरतात ते दे. तो हिशोब तू अजून केलेला नाहीस. तो कर, मग ‘फक्त’ लिहायला तुझा हात धजणार नाही.

दोनदा मोजलेले रुग्ण शोधण्याचं काम सर्वांत आधी घे. त्यासाठी नोंदणी विभागात स्वतः जा, मेल पाठवून थांबू नकोस. तिथल्या माणसांना तुझ्या आकृत्या दाखव आणि यात विचित्र काय दिसतं ते विचार. नवा तक्ता झाला की जुन्यासह पाठव. मी या आठवड्यात रोज संध्याकाळी मोकळी आहे.

कळावे.